दोन घरांत वाटून ठेवलेल्या कॅप्सूल

मार्चच्या पहिल्या आठवड्यात आमच्या गल्लीतल्या केमिस्टनं माझ्यासमोर नऊऐवजी चारच स्ट्रिप ठेवल्या आणि म्हणाला, "सर जी, अभी इतना ही है. बाकी देखते हैं."

"देखते हैं मतलब?"

"मतलब ऊपर से ही माल कम आ रिया है. कच्चा माल बाहर से आता है न, जहाज़ अटके पड़े हैं. टीवी नहीं देख रिए क्या आप?"

टीव्ही मी बघत होतो. जहाजं, समुद्र, लाल रेघा मारलेले नकाशे, सगळं बघून झाल्यावर रिमोट ठेवून मुलांच्या गणिताच्या वह्या तपासत होतो. त्या नकाशाचं एक टोक आपल्या पोटापर्यंत येतं, हे तोवर डोक्यात आलं नव्हतं. चार स्ट्रिप खिशात घालून मी दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ नुसता उभा राहिलो.

ही कॅप्सूल मी सात वर्षं घेतोय. सकाळी नऊला दोन, रात्री नऊला एक. चाळिशीतच माझ्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या, दीड वर्ष डायलिसिसवर काढलं, आणि मग माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी मोठ्या असलेल्या ताईनं तिची एक किडनी मला दिली. दुसऱ्याचा अवयव शरीर आपला म्हणून ठेवून घेत नाही, त्याच्यावर चालून जातं. तसं होऊ नये म्हणून ही कॅप्सूल, जन्मभर, रोज, वेळेवर. सात वर्षांत मी एकदाच वेळ चुकवली होती, शाळेच्या निकालाच्या दिवशी, तीही दीड तासानं. तो दीड तास मला अजून आठवतो. आणि कॅप्सूल एकाच कंपनीची घ्यायची. औषध तेच असलं तरी कंपनी बदलली की रक्तातलं प्रमाण वरखाली होऊ शकतं, म्हणून डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, मला विचारल्याशिवाय दुसरी घ्यायची नाही.

मी लग्न केलं नाही. त्यामुळे असलं काही घडलं की सांगायला ताईच. ती इंदूरमध्येच, जुनी इंदूर भागात राहते, मेहुणे गेल्यापासून एकटीच. विमा ऑफिसात पस्तीस वर्षं लोकांचे मृत्यू आणि आजारपणं फायलींना लावण्यात गेल्यामुळे तिला कुठल्याही गोष्टीत आधी वाईट काय होईल तेच दिसतं. मी फोन केला.

"किती आहेत तुझ्याकडे?" तिनं विचारलं.

"घरच्या धरून दीड महिन्याच्या."

"बस? दीड महिन्याच्या? आणि इतका शांत बोलतोयस?"

मी शांत नव्हतो. पण ताई घाबरली की मी शांत व्हायचं, हे आमचं लहानपणापासून ठरलेलं आहे.

दुसऱ्या दिवशी मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, दोन महिन्यांचा साठा ठेवा, त्याहून जास्त नको. सगळ्यांनी भरून ठेवायला सुरुवात केली तर कुणालाच मिळणार नाही. त्यांनी तसा पर्चा लिहून दिला. मी ते ताईला जसंच्या तसं सांगितलं. ती म्हणाली, "डॉक्टरांच्या पोटात नाहीये माझी किडनी. तुझ्या पोटात आहे."

शनिवारी ती सकाळीच माझ्या दारात उभी. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत पर्च्याच्या सहा झेरॉक्स. आम्ही दवा बाजारात गेलो. मी पर्चा पुढे केला की दुकानदार विचारायचा, किती महिन्यांचं, आणि मी खरं सांगायचो. दुसऱ्या दुकानानंतर ताईनं मला बाजूला घेतलं.

"तू मास्तर आहेस. तुला जमत नाही हे. बाहेर थांब."

मी बाहेर थांबलो. आतून तिचा आवाज ऐकू येत होता. "भाई बाहर जा रिया है भैया, दो महीने का दे दो." पुढच्या दुकानात भाऊ मुलीकडे राहायला चालला होता. त्याच्या पुढच्या दुकानात तो घरातून उठूच शकत नव्हता. मी, तो भाऊ, रस्त्यापलीकडे उसाच्या रसाच्या गाड्यामागे उभा राहून घाम पुसत होतो. मला लाज वाटत होती, आणि पिशवी दर दुकानागणिक फुगत होती तसं बरंही वाटत होतं. दोन्ही एकदम वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही.

तीन आठवड्यांत, शहरभर फिरून, ताईनं छत्तीस स्ट्रिप जमवल्या. माझ्या हिशेबानं चार महिने. मग तिनं त्या दोन भागांत वाटल्या.

"सगळं एका जागी ठेवायचं नाही. आग लागते, चोरी होते, नळ फुटतो. अठरा तुझ्याकडे, अठरा माझ्याकडे. आधी तुझ्या वापर."

एप्रिल लागला आणि केमिस्टनं नुसती मान हलवायला सुरुवात केली. आमच्यासारख्या रुग्णांचा फोनवर एक ग्रुप आहे. एरवी तिथे सुप्रभात आणि पथ्याच्या पाककृती चालायच्या, आता सकाळपासून एकच. कुणाकडे आहे का, भोपाळला मिळतेय का, कुणी अहमदाबादहून येतंय का. मी वाचायचो आणि फोन पालथा ठेवायचो. मग उठून कपाट उघडायचो. स्ट्रिप होत्या तशा असायच्या. पाच मिनिटांनी पुन्हा उघडायचो.

त्यात उन्हाळा. खोक्यावर लिहिलेलं असतं, पंचवीस अंशांखाली ठेवा. एरवी महिन्याभराचं औषध असतं, येतं आणि संपतं, कुणी लक्ष देत नाही. आता माझ्या घरात दोन महिन्यांचं होतं आणि बाहेर बेचाळीस. शाळेच्या प्रयोगशाळेतून थर्मामीटर आणून कपाटात ठेवलं, तर चौतीस. मी स्ट्रिप खालच्या कप्प्यात हलवल्या. तेहतीस. मग कूलरच्या खोलीत एका डब्यात ठेवल्या. अठ्ठावीस झालं, पण कूलरची ओल. ओल तर उन्हाहून वाईट. मग डब्यात कोरड्या तांदळाची पुरचुंडी टाकली. दुपारी शाळेत फळ्यावर समीकरण सोडवताना मध्येच वाटायचं, लाइट गेली असेल का? कूलर बंद पडला असेल का? एकदा तर मधल्या सुट्टीत मी स्कूटर काढून घरी जाऊन आलो. ताईकडचा खालचा मजला थंड होता, तिला ही काळजी नव्हती. तिला वेगळी होती. ती रोज रात्री नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन करायची.

"घेतलीस?"

"घेतली."

"बरं." आणि फोन ठेवायची.

एप्रिलच्या अखेरीस माझी तीन महिन्यांची रक्ततपासणी होती. ही तपासणी औषध घेण्याआधी करतात, आदल्या मात्रेनंतर बरोबर बारा तासांनी. म्हणून सकाळी नऊच्या आधी लॅबच्या बाकावर आम्ही सगळे कॅप्सूल हातात धरून बसलेलो असतो. रक्त दिलं की लगेच तिथल्या कूलरचं पाणी घेऊन गिळायची. चेहरे ओळखीचे झालेले असतात. त्यातली एक, तिशीची बाई, सांवेरहून पहिल्या बसनं यायची. तिला तिच्या आईनं किडनी दिली होती, वर्षही झालं नव्हतं. बस स्टँडच्या मागे ब्लाउज शिवायचं छोटंसं दुकान होतं तिचं. मागच्या खेपेला मी तिला कुठल्या खिडकीवर रिपोर्ट मिळतो ते दाखवलं होतं, तेव्हापासून ती मला सर म्हणायची.

त्या दिवशी तिच्या हातात एकच कॅप्सूल होती.

"एक ही?" मी विचारलं. मला आठवत होतं, तिला सकाळी दोन होत्या.

तिनं इकडेतिकडे बघितलं. "खींच रही हूँ, सर. सांवेर में है नहीं, उज्जैन हो आई, यहाँ बाज़ार में पूछा. चार दिन की बची थी, एक-एक करके आठ दिन चल जाएगी. डॉक्टर साब को मत बोलना."

"दूसरी कंपनी की?"

"वो भी नहीं मिल रही अभी. और डॉक्टर साब ने बोला है, तुम्हारा लेवल बड़ी मुश्किल से जमा है, बदलना मत."

एका वर्षाच्या आत असं निम्मं करणं म्हणजे काय, ते मला ठाऊक होतं. माझ्या सात वर्षं जुन्या किडनीनं कदाचित सोसलं असतं. तिच्या किडनीनं सोसलं असतंच असं नाही. मग तिनं विचारलं, सहज, माझ्याकडे न बघता, "आपके पास है, सर?"

मी म्हणालो, "मेरे पास भी ज़्यादा नहीं है."

तिनं मान डोलावली. तिला वाईट वाटलं असं दिसलं नाही. जे ती महिनाभर सगळीकडे ऐकत होती तेच तिनं ऐकलं. माझा नंबर आला, मी आत गेलो, रक्त दिलं, बाहेर आलो आणि तिच्यासमोर माझ्या दोन कॅप्सूल गिळल्या. मी दुसरा ग्लास पाणी प्यायलो.

त्यानंतरचे दोन दिवस कसे गेले ते मला नीट सांगता येणार नाही. मी स्वतःला सांगत होतो, मी कुणाला फसवलं नाही. सात वर्षांपूर्वी ताईला टेबलावर झोपवून मिळवलेली गोष्ट आहे ही, ती सांभाळणं माझं पहिलं काम. ते खरंही होतं. पण मग त्या बाईचे दिवस माझ्या डोक्यात आपोआप पुढे सरकायचे. आज सहा राहिले. आज पाच. मी माझा डबा उघडायचो, तर चौदा स्ट्रिप. तिचा फोन नंबर मी घेतला नव्हता. ते मला आधी सोयीचं वाटलं आणि नंतर वाटेना.

रविवारी सकाळी औषध घेऊन मी आठ स्ट्रिप जेवणाच्या डब्यात ठेवल्या, डब्याला ओला पंचा गुंडाळला आणि सांवेरवरून उज्जैनकडे जाणारी बस धरली. ताईला काही सांगितलं नाही. गहू निघून गेला होता, दोन्ही बाजूंना नुसती धसकटं, आणि खिडकीतून तव्यावरची हवा. सगळा रस्ता मी मांडीवरचा डबा हातानं चाचपून बघत होतो, तापला तर नाही ना.

दुकान सापडायला वेळ लागला नाही. ती मशीनवर होती. मला बघून ती घाबरली. तिला वाटलं, मी डॉक्टरांना सांगून टाकलं. मी डबा उघडून पुढे ठेवला. तिनं आत बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि आत तोंड करून हाक मारली, "बई!"

तिची आई आली. ठेंगणी, काटक, डोक्यावर पदर. मुलीनं तिला भराभर काहीतरी सांगितलं. आईनं स्ट्रिप हातात घेतल्या नाहीत. तिनं आधी मला विचारलं, "थारे पास हे के नी, बेटा?"

"बहुत है," मी म्हणालो. आठवड्यात दुसरं खोटं.

मग तिनं त्या उचलल्या, एकेक करून, आणि पदरात घेतल्या. रडली वगैरे नाही. तिनं मला पोहे खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही. मी निघताना मुलीला म्हणालो, आजपासून पूर्ण मात्रा घ्यायची आणि उद्या डॉक्टरांना फोन करून निम्मं केलं होतं ते सांगायचं. तिनं हो म्हटलं. नंबरही दिला.

परतीच्या बसमध्ये मला हलकं वाटायला हवं होतं. तसं काही झालं नाही. माझ्याकडे आता वीस दिवसांच्या कॅप्सूल होत्या, आणि मी उभ्या जन्मात ताईपासून इतकी मोठी गोष्ट लपवली नव्हती.

मेच्या मध्याला ताई माझ्याकडे आली. पिशवीतून चष्मा काढला आणि म्हणाली, "आण तो डबा. एक्सपायरी बघते सगळ्यांची." मी म्हणालो, मी बघितलीय. ती म्हणाली, "आण." मी आणला. तीन स्ट्रिप, त्यातली एक अर्धी.

तिनं दोनदा मोजल्या. मग चष्मा काढला. "बाकीच्या?"

मी सांगितलं. पहिल्यापासून, लॅबच्या बाकापासून. माझं संपल्यावर तिनं इतकंच विचारलं, "मला का नाही विचारलंस?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"हो. म्हणाले असते. माझी किडनी आहे ती."

आणि मी बोलून गेलो. "दिलीस तेव्हा तुझी होती, ताई. आता माझी आहे."

ते वाक्य मला परत घेता आलं असतं तर मी घेतलं असतं. चूक होतं म्हणून नाही. तिचा हात ज्या तऱ्हेनं टेबलावरून उचलला गेला आणि डाव्या कुशीवर, टाक्यांच्या जागी जाऊन थांबला, त्यासाठी. तिला कळलंही नसेल हात कुठे गेला ते. ती उठली, पिशवी घेतली, जिना उतरून गेली. रात्री नऊ वाजून दोन मिनिटांनी फोन आला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

तिच्याकडे अठरा स्ट्रिप होत्या. स्कूटरवर पंधरा मिनिटांचा रस्ता. मला फक्त जायचं होतं, आणि मी गेलो नाही. स्वाभिमान म्हणू, लाज म्हणू, काय ते. उद्या जाऊ, परवा जाऊ, तीच फोन करेल. पाच दिवसांच्या राहिल्या तेव्हा मी डॉक्टरांकडे गेलो. त्याच आठवड्यात दुसऱ्या एका कंपनीच्या कॅप्सूल शहरात आल्या होत्या. डॉक्टर म्हणाले, बदलू या, पण दर चार दिवसांनी रक्त तपासायचं. घरात जुना साठा आहे का, हे त्यांनी विचारलं. मी नाही म्हणालो. माझ्या घरात नव्हताच.

पहिल्या तपासणीत रक्तातलं औषध कमी भरलं. त्यांनी मात्रा वाढवली. दुसऱ्या तपासणीत क्रिएटिनिन, म्हणजे किडनीचं काम बिघडलं की वाढणारा आकडा, सात वर्षं एक पॉइंट तीनवर टिकून होता तो एक पॉइंट नऊ आला. रिपोर्ट फोनवर येतो. मी नववी ब च्या वर्गाबाहेर उभा होतो, उन्हाळी जादा तास चालू होते. तो आकडा मी वाचला, स्क्रीन बंद केली, पुन्हा उघडून वाचला. आत जाऊन मुलांना म्हटलं, स्वाध्याय काढा, आणि खुर्चीवर बसून राहिलो. पायांवर सूज आहे का बघायला खाली वाकून बोटानं घोटा दाबून बघितला. एका मुलीनं विचारलं, "सर, तबीयत ठीक है?"

त्या संध्याकाळी मी ताईला फोन केला. तिनं उचलला. मी म्हणालो, "ताई, एक पॉइंट नऊ आलाय."

वीस मिनिटांत ती रिक्षानं आली. अंगावर घरातलीच साडी, पायात दोन वेगळ्या चपला, हातात अठराच्या अठरा स्ट्रिप असलेली पिशवी. दारातूनच ओरडली, "तोंड नव्हतं का तुला? मागायला तोंड नव्हतं? मी बोलत नव्हते म्हणून काय घरात नव्हते का?"

"मला वाटलं…"

"तुला काय वाटलं ते ठेव तुझ्यापाशी." मग ती खुर्चीत बसली आणि तिला रडू आलं. मी तिला पाणी दिलं. आम्ही दोघंही त्या पिशवीकडे बघत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघं पिशवी घेऊनच डॉक्टरांकडे गेलो. ताईनं ती टेबलावर ठेवली. डॉक्टरांनी आत बघितलं आणि माझ्याकडे असं बघितलं की मला वर्गाबाहेर उभं केल्यासारखं झालं. ते मला म्हणाले, आता नाही. नव्या कंपनीची मात्रा हळूहळू जमतेय, आता मध्येच पुन्हा जुनीवर गेलो तर सगळं परत हलेल. नवीच चालू ठेवा. ताई म्हणाली, "मतलब ये किसी काम की नहीं?"

"इनके काम की नहीं," डॉक्टर म्हणाले.

बाहेर येऊन ती लिंबाखालच्या बाकावर बसली. मांडीवर पिशवी. सहा झेरॉक्स, शहरातली सगळी दुकानं, बाहेरगावी गेलेला भाऊ, उठू न शकणारा भाऊ. मग म्हणाली, "ती सांवेरवाली… तिच्या कधी संपतात?"

मी मनात हिशेब केला. आठ दिवसांपूर्वीच संपल्या असणार. फोन लावला. तिनं सांगितलं, डॉक्टरांनी कुठूनतरी थोड्या मिळवून दिल्या, तीन दिवसांच्या आहेत. ताईनं माझ्या हातातला फोन घेतला आणि म्हणाली, "दुकान कब तक खुली रहती है?"

आम्ही दुपारच्या बसनं गेलो. ताईला बस लागते, ती सगळा रस्ता डोळे मिटून, आलेपाकाची वडी तोंडात धरून बसली होती. सांवेरला उतरल्यावर दुकानात तिनं पिशवी मुलीला दिली नाही, आईला दिली. दोघी शेजारीशेजारी पाटावर बसल्या. एक माळवीत बोलत होती, एक इंदुरी हिंदीत. ताईनं तिला विचारलं, थंडीत टाके ओढतात का. आई म्हणाली, थंडीत नाही, खाली वाकलं की. ताई म्हणाली, माझे थंडीत. मग तिनं विचारलं, जड उचलतेस का. आई म्हणाली, कोण उचलणार मग? ताईनं तिला पाण्याची घागर न उचलण्याबद्दल अर्धा तास ऐकवलं. मी आणि ती मुलगी मशीनपाशी उभे होतो. तिचा शेवटचा रिपोर्ट बरा होता. मी तिला माझा सांगितला नाही.

परत येताना बसमध्ये ताई म्हणाली, "चार स्ट्रिप ठेवल्यात मी. काही बोलू नकोस."

"पण मला तर त्या…"

"बोलू नकोस म्हटलं ना."

जुलैमध्ये माल यायला लागला. केमिस्टनं स्वतः हाक मारून सांगितलं, सर जी, आ गई, कितनी दूँ. मी दोन महिन्यांच्या घेतल्या, नव्या कंपनीच्या. ग्रुपवर पुन्हा सुप्रभात सुरू झालं. सांवेरची बाई पहिल्या बसनं येते, हातात दोन कॅप्सूल असतात.

माझा आकडा खाली आला, पण एक पॉइंट तीनवर नाही. एक पॉइंट पाचवर येऊन थांबला. डॉक्टर म्हणतात, यावर पुष्कळ वर्षं निघतात, काळजी करू नका. आठ स्ट्रिप दिल्या म्हणून हे झालं, की अठरा मागितल्या नाहीत म्हणून, की कंपनी बदलली म्हणून, की सात वर्षांनंतर ते होणारच होतं, हे मी त्यांना विचारलेलं नाही. ताईनंही विचारलेलं नाही. दर तीन महिन्यांनी ती रिपोर्टच्या दिवशी फोन करते.

"किती?"

"एक पॉइंट पाच."

पलीकडे ती आकडा लिहून घेते. मग म्हणते, "बरं. जेवून घे."